दळलं होतं का?

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वीसला, आठ जणांच्या साक्षीनं, माझ्या निम्म्या वयाच्या एका मुलानं मला सांगितलं, "सर, तुम्ही थोडं कोडिंग शिकून घ्या ना. मग असे प्रश्न पडणार नाहीत."

वाक्यात 'सर' होतं. 'ना'सुद्धा होतं. मराठीत कुठल्याही अपमानाच्या शेपटीला 'ना' बांधला की त्याचा सल्ला होतो, आणि सल्ल्यावर चिडणारा माणूस कोत्या मनाचा ठरतो. म्हणून मी हसलो. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपला चेहरा आपल्यालाच दिसत असतो. मला दिसलेला चेहरा हसत नव्हता. कोणीतरी अंगठा टाकला. तो सल्ल्याला होता की माझ्या हसण्याला, ते अजून कळलेलं नाही. मॅनेजरबाई "ओके, मूव्हिंग ऑन" म्हणाल्या आणि सगळे पुढे गेले. मी आठ दिवस झाले, तिथंच उभा आहे. रोज आंघोळ करताना एक नवीन सडेतोड उत्तर सुचतं.

प्रश्न तरी काय विचारला होता? तारखेच्या रकान्यात दिवस आधी लिहायचा की महिना आधी. बस. त्याचा पगार नव्हता विचारला.

धंद्याबद्दल थोडं सांगतो, लांबवत नाही. आमची कंपनी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. कोणता माल कोणत्या शीतगृहात, कोणता कंटेनर कोणत्या तारखेला, वगैरे. दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर आमच्या सॉफ्टवेअरशी ज्या खिडकीतून बोलतं तिला एपीआय म्हणतात. पूर्वी पोस्टात खिडकीशेजारी पुठ्ठ्यावर डकवलेला, शाईनं भरून दाखवलेला मनीऑर्डरचा नमुना असायचा, आठवतो? तो नमुना म्हणजे मी. हुद्दा टेक्निकल रायटर. मराठीत 'तांत्रिक लेखक' म्हणता येईल, पण कुसुमाग्रजांच्या गावात स्वतःला कुठल्याही प्रकारचा लेखक म्हणवून घ्यायला जी छाती लागते ती मला नाही. एकदा सावानात, म्हणजे आमच्या १८४० सालापासूनच्या सार्वजनिक वाचनालयात, एका परिचितानं "हे लेखक आहेत बरं का" अशी माझी ओळख करून दिली. समोरच्या काकांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "अलीकडे काय लिहिलंत?" मी खरं ते सांगितलं, "इन्स्टॉलेशन गाइड." काका म्हणाले, "वा! कादंबरी का?"

तर हा जो चिरंजीव आहे (त्याला चिरंजीवच म्हणू, मनात इतर नावं आहेत) त्याचं म्हणणं एकट्याचं नाही. आमच्या धंद्यात हा वाद जुना आहे: मॅन्युअल लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमिंग यायला हवं की नको. एक पक्ष म्हणतो, ज्याला स्वयंपाक येत नाही त्यानं पाककृती लिहू नये. दुसरा म्हणतो, ज्याला सगळं येतं तो 'फोडणी करून घ्या' एवढं लिहून मोकळा होतो, नवशिक्या मात्र तेल तापायच्या आधीच मोहरी टाकून बसतो. मी वीस वर्षं दुसऱ्या पक्षात आहे. अर्थात त्या पक्षात अभ्यास कमी लागतो, हेही एक कारण असेल.

त्या आठवड्यात पाऊस चांगला लागला होता. नाशिककराला पूर आला की दोन प्रकारे कळतं. एक बातमी येते, गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग. ते कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर; ते मला माहीत आहे, कारण मी असल्या गोष्टी लिहून पोट भरतो. बाकी गाव गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं आणि एकच विचारतं, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत म्हणजे बघायला जायचं. कमरेपर्यंत म्हणजे गोदाकाठच्या टपऱ्या उचलायच्या. गळ्यापर्यंत म्हणजे त्या बाजूला फिरकायचंच नाही. माझ्या मते नाशकातला सगळ्यात यशस्वी टेक्निकल रायटर हा मारुतीच. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, मारुतीला क्युसेक काढता येतात का? काही अडलं का त्याचं?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण तो पाण्यात उभा असतो."

मी विषय बदलला.

रात्री झोप येईना, म्हणून चिरंजीवाच्या तोंडावर फेकायला पुरावे शोधायला बसलो. रागावलेल्या माणसाइतकं मन लावून संशोधन कोणी करत नाही. पहिलाच पुरावा झकास मिळाला. १९४९ साली बायनॅक नावाच्या संगणकाचं मॅन्युअल जोसेफ चॅपलिन नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, संगणकाच्या अगदी सुरुवातीच्या मॅन्युअलांपैकी ते एक. आणि हे गृहस्थ ऑर्गन वाजवणारे! मी गादीवर उठून बसलो. म्हणजे आमच्या घराण्याचा मूळ पुरुष पेटीवाला निघाला. आता आणखी मागे जाऊ म्हटलं, तर १८४३ साल लागलं. चार्ल्स बॅबेजच्या ॲनॅलिटिकल इंजिनावर, म्हणजे त्यानं योजलेल्या चाकादात्यांच्या संगणकावर, मेनाब्रेआ नावाच्या इटालियन माणसानं फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. त्याचा इंग्रजी अनुवाद एडा लव्हलेस या बाईंनी केला आणि खाली स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या तिप्पट झाल्या. (हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. माझ्याही टिपा लांबतात म्हणून मॅनेजरबाई त्या कापतात.) त्यातल्या शेवटच्या टिपेत बाईंनी, ते यंत्र बर्नूली संख्या (गणितातली एक संख्यामालिका) कशा काढेल, ते पायरीपायरीनं लिहून दाखवलं. तोच जगातला पहिला प्रोग्रॅम, असं पुष्कळ लोक मानतात.

इथं मी लॅपटॉप मिटला. पुरावा माझ्याच अंगावर आला होता. टिपा लिहायला बसलेली बाई प्रोग्रॅम करून उठली, आणि मी वीस वर्षांत टिपाच लिहितोय.

शनिवारी कॉलेज रोडवरच्या एका क्लासला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या डेमो लेक्चरला गेलो. घरी 'बँकेत जाऊन येतो' सांगितलं होतं. दुसरा मजला, खाली सँडविचवाला. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पाल्याचं नाव?"

"माझंच आहे."

"नाही सर, ॲडमिशन कोणाची?"

"माझीच."

तिनं मान वर केली. मग माझं नाव 'विद्यार्थी' या रकान्यात टाकलं. पण तिचं सॉफ्टवेअर पुढं सरकेना. पालकाचा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढच्या पानावर जात नव्हता. मी म्हटलं, माझाच टाका. तर विद्यार्थी आणि पालक यांचा नंबर एकच चालत नाही. मागं रांग वाढत होती, रांगेतली पोरं माझ्याकडे बघत होती. शेवटी मी अण्णांचा नंबर दिला. अण्णा म्हणजे आमचे वडील, वय ७९, मुक्काम सिन्नर. दोन मिनिटांत त्यांचा फोन. "अरे, 'तुमच्या पाल्याची उपस्थिती नोंदवली आहे' असा मेसेज आलाय. कोणता पाल्य? तू की धाकटा?"

फॉर्म करणाऱ्यानं एकदाही स्वतः तो भरून बघितला नसणार. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. ते माझ्याकडून वदवून घेणारा माणूस अजून भेटायचा होता.

सर यायला अर्धा तास होता. बाकावर शेजारी एक आजोबा बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. नातवाला घेऊन आलेले. नातू मोबाइलमध्ये. आजोबांना मोबाइल पुरत नसावा, त्यांना माणूस हवा होता.

"कितवीला आहे?"

"कोण?"

"मुलगा."

"मीच आलोय शिकायला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात घासाघीस करायच्या आधी बघतात तसं.

"नोकरी गेली का?"

"नाही."

"मग जाणार आहे का?"

मी म्हटलं, तसं काही नाही, साहेबांनी शिकायला सांगितलंय. (साहेबांनी नाही सांगितलं, चिरंजीवानं सांगितलं. पण ते कुठं सांगत बसणार.) मग त्यांचं सुरू झालं. सातपूरला ३४ वर्षं लेथवर काढली, टर्नर म्हणून लागलो, टर्नर म्हणूनच सुटलो, सिडकोत घर आहे, मुलगा पुण्याला. बोलताना त्यांचं बोट हवेत फिरत होतं आणि माझी नजर त्या बोटावर. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेराशीच संपलेली.

"आणि तुम्ही काय करता?"

"मी टेक्निकल रायटर. म्हणजे वस्तू कशी वापरायची ते लिहितो. मॅन्युअल, माहितीपुस्तिका."

आजोबा सरसावून बसले. पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मेथी आडवी झाली, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"माहितीपुस्तिका तुम्ही लिहिता?"

"हो."

"घरघंटीचीपण?"

"नाही हो, मी सॉफ्टवेअरची—"

"पण ती लिहिणारे तुमच्यातलेच ना?"

'तुमच्यातलेच' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आमची एक जात आहे, तिची पंचायत आहे आणि मी तिचा सरपंच आहे. लग्नात डॉक्टर भेटला की लोक त्याला गुडघा दाखवतात. मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्या मानानं वागवत होतं, म्हणून मी "हो, तसे आमच्यातलेच" म्हणून बसलो. तीच चूक झाली.

"पहिलं पान," आजोबा म्हणाले. पुस्तिका जवळ नव्हती. पाठ होती. "'आमची घरघंटी निवडल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन.' अभिनंदन कशाबद्दल? मी काय दहावी पास झालो? पैसे मी मोजले. आभार मानायला पाहिजेत तुम्ही."

"बरोबर आहे, पण ती कंपनी—"

"दुसरं पान. 'यंत्र समतल जागी ठेवावे.' ठीक. 'मुलांना दूर ठेवावे.' ठीक. आता तिसरं ऐका." अर्धं बोट वर झालं. "'योग्य प्रमाणात योग्य धान्य योग्य जाळी लावूनच दळावे.' किती झाले?"

"काय?"

"योग्य. किती झाले?"

"तीन."

"तीन! अरे, मला योग्य काय ते माहीत असतं तर तुझं पुस्तक कशाला उघडलं असतं रे बाबा?"

ते कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले ते त्यांनाही कळलं नाही. 'तू' मला नव्हतंच. ते त्या न पाहिलेल्या माणसाला होतं, ज्याच्या जागी तूर्त मी बसलो होतो. रांगेतली दोन पोरं मोबाइल खाली करून ऐकायला लागली.

पुढची हकीकत अशी. आजींनी थालिपिठाची भाजणी भाजली आणि कोमट असतानाच घरघंटीत घातली. गरम धान्याला वाफ धरते, पीठ ओलसर होतं आणि जाळी चोंदते. जाळी चोंदली, मोटर घुमायला लागली, जळका वास आला. सर्व्हिसचा मुलगा आला, वॉरंटीचं कार्ड बघितलं आणि म्हणाला, आजी, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, 'योग्य धान्य'. गरम भाजणी योग्य नाही. वॉरंटीत बसत नाही. मोटरचे पैसे भरा.

"म्हणजे बघा," आजोबा म्हणाले, आणि आता आवाज खाली आला होता, "दळायच्या आधी त्या शब्दाचा मला काही उपयोग नाही. दळल्यावर त्याचा त्यांना उपयोग आहे."

मला गंमत वाटायची थांबली. कारण हा शब्द माझा आहे. इंग्रजीत मी हजारदा लिहिलाय: 'ॲप्रोप्रिएट व्हॅल्यू' भरा, 'व्हॅलिड डेट' टाका. आमच्या धंद्यात 'योग्य' ही अज्ञानावर अंथरलेली सतरंजी असते. किती ते मला माहीत नाही, ज्याला माहीत आहे तो फोन उचलत नाही, रिलीज शुक्रवारी आहे, तर मग लिहा 'योग्य'.

"एक विचारू का?" आजोबा म्हणाले. "राग नका मानू. हे लिहिणाऱ्यानं लिहायच्या आधी दळलं होतं का?"

मी म्हटलं, "आजोबा, ज्याला रोज दळता येतं त्याला वाटतं, हे सगळ्यांनाच येत असणार. तोही 'योग्य'च लिहील. भाजणी गार करून घाला, हे त्याला सांगावंसंसुद्धा वाटणार नाही."

"मग काय, न येणाऱ्यानं लिहावं?"

"न येणाऱ्यानं दळून बघावं, मग लिहावं."

"म्हणजे जाळी चोंदवून."

"हो."

"मग चोंदवलीये का तुम्ही कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "हे बोटाचं काय झालं?"

"लेथचा चक फिरत असताना कपडा मारायला गेलो."

"मॅन्युअलमध्ये लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं की," आजोबा म्हणाले. "इंग्रजीत."

मग सर आले. बावीसचे असतील, टी-शर्टवर क्लासचं नाव. म्हणाले, पायथन ही अगदी सोपी भाषा आहे. १९९१ साली गुइडो व्हॅन रॉसमनं आणली, आणि तिच्यात पहिला प्रोग्रॅम एका ओळीचा: प्रिंट, कंस, अवतरणचिन्हात 'हॅलो वर्ल्ड'. या 'हॅलो वर्ल्ड'बद्दल मला बोलायचं होतं, पण दाबून ठेवलं. प्रोग्रॅमिंगचा हा जगभरातला श्रीगणेशा ब्रायन कर्निगन यांनी बेल लॅब्जमध्ये शिकवणीच्या टिपणात घातला, आणि सी भाषेच्या १९७८ सालच्या पुस्तकातून तो सगळीकडे गेला. म्हणजे मूळ कोड नव्हे, माहितीपुस्तिका! कर्निगन स्वतः पट्टीचे प्रोग्रॅमर होते, ही बाब मी माझ्यापुरती बाजूला ठेवली.

सर म्हणाले, नोट्समधून कॉपी करा, पेस्ट करा, रन करा. अकरा संगणकांवर अकरा लाल ओळी. 'सिंटॅक्स एरर, इनव्हॅलिड कॅरेक्टर.' सरांनी एक संगणक बंद करून चालू केला. मग पायथन पुन्हा टाकून बघितलं. मग म्हणाले, नेटचा प्रॉब्लेम असेल. पालक एकमेकांकडे बघायला लागले.

मी पडद्याजवळ नाक नेलं. हॅलोच्या अलीकडचं अवतरणचिन्ह बाकदार होतं. बारीक टिंबाला शेपटी, सहासष्ट-नव्याण्णवसारखं. नोट्स वर्डमध्ये टाइप केलेल्या. वर्ड आपलं सरळ अवतरणचिन्ह आपोआप देखणं, वाकडं करून टाकतं, आणि पायथनला ते कळत नाही. त्याला सरळच लागतं. या वाकड्या चिन्हांशी मी वीस वर्षं भांडतोय. उदाहरणांतून ती एकेक वेचून काढतोय, सणाच्या आदल्या रात्री गहू निवडावेत तशी.

मी म्हटलं, "सर, चिन्हं पुसून कीबोर्डवरून परत टाइप करा."

चाललं. अकरा पडद्यांवर जगाला नमस्कार झाला.

"सर, तुम्ही आधी कोडिंग केलंय?" सरांनी विचारलं.

"नाही. अवतरणचिन्हं केलीत."

मागून आजोबांनी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात खुलासा केला, "ते घरघंटीचं पुस्तक लिहितात."

फी १८ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. विचार करून सांगतो म्हणून निघालो. निघताना आजोबांनी माझा नंबर घेतला.

सोमवारी ऑफिसात आल्याबरोबर मी एक गोष्ट केली, जी वीस वर्षांत अगदी कमी वेळा केली असेल. माझ्याच मॅन्युअलमधलं, चिरंजीवानं पाठवलेलं, 'तपासलेलं' उदाहरण स्वतः चालवून बघितलं. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, 'कर्ल'ची, म्हणजे एपीआयला थेट मागणी पाठवणारी लांबलचक ओळ डकवली (अवतरणचिन्हं आधी तपासली) आणि ५ मार्चचा कंटेनर मागितला. ०५/०३. एंटर दाबताना हात किंचित थरथरला, हे खोटं नाही.

उत्तर आलं, बुकिंग झालं. ३ मे.

परत २५ मार्च टाकलं. उत्तर आलं, ४००. हे आकडे मोठे मजेदार असतात. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे चूक आमच्या सर्व्हरची. चारशेच्या घरातला म्हणजे चूक मागणाऱ्याची, 'बॅड रिक्वेस्ट', तुझाच अर्ज नीट नाही. आमच्या डेव्हलपर मंडळींचा ओढा साहजिकच चारशेकडे असतो. तर प्रकार असा: कोड अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचत होता. पंचविसावा महिना नसतो, म्हणून २५ तारखेला तो ओरडायचा तरी. बारा तारखेपर्यंत मात्र गुपचूप दिवसाचा महिना आणि महिन्याचा दिवस करून ठेवायचा. ५ मार्चला तोडलेली द्राक्षं ३ मेच्या कंटेनरची वाट बघत बसली तर रॉटरडॅमला बेदाणे उतरतील. असले घोळ होऊ नयेत म्हणून जगानं १९८८ सालीच आयएसओ ८६०१ काढलं: वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा. सदतीस-अडतीस वर्षं झाली. आणि मंगळवारी माझा प्रश्न हाच होता. दिवस आधी की महिना?

मी चिरंजीवाला चॅटवर लिहिलं, "हे उदाहरण द्यायच्या आधी दळलं होतं का?"

"?"

"म्हणजे चालवून बघितलं होतं का?"

"हो सर. माझ्या मशीनवर चालतं."

"कोणती तारीख टाकली होती?"

बराच वेळ तीन टिंबं नाचत राहिली. मग आलं, "४ एप्रिल."

०४/०४. उलटी वाचा, सुलटी वाचा.

आता तुम्हाला वाटेल, इथं माझा विजय झाला. मलाही तसं वाटलं, साधारण चार मिनिटं. मग चिरंजीवाचा पुढचा मेसेज आला: "सर, दोन क्लायंट ऑलरेडी लाइव्ह आहेत. आता कोड बदलणं रिस्की आहे. तुम्ही डॉक्समध्ये एक नोट टाकून द्या ना."

ना!

हे आमचं खरं दुखणं आहे. खड्डा बुजवायचा नाही, खड्ड्याशेजारी पाटी लावायची, आणि पाटी रंगवणाऱ्याला म्हणायचं, तुम्हाला रस्त्यातलं काय कळतं. मी कोडिंग शिकावं, हे बरोबर आहे, ऐकतो. पण वीस वर्षांत एकाही डेव्हलपरला कोणी "तुम्ही थोडं लिहायला शिकून घ्या ना" असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. या मुलाच्या एका फंक्शनचं नाव 'गेटडेटाफायनलन्यूटू' आहे. बदल कशासाठी केला त्या रकान्यात तो 'मायनर चेंजेस' लिहितो, गेल्या वर्षभरात एक्क्याऐंशी वेळा, मी मोजलेत. काही विचारलं की 'सेल्फ एक्स्प्लनेटरी आहे सर'. आणि वरती आता नवीन निघालंय, मॅन्युअल एआयकडून लिहून घेऊ. घ्या. तोही न दळताच लिहिणार. 'योग्य' या शब्दाची त्याला मुळीच टंचाई नाही.

टीप मी लिहिली. 'महिना आधी, मग दिवस. उदा. ५ मार्च हा ०३/०५ असा लिहावा.' उदाहरण चालवून बघितलं, मग टाकलं. मॅनेजरबाईंनी ग्रुपवर 'ग्रेट कॅच' असं लिहून चिरंजीवाला टॅग केलं.

क्लासवाले अजून अण्णांना रोज फोन करतात, पाल्याचं काय ठरलं म्हणून. अण्णा म्हणतात, त्याच्या आईला विचारून सांगतो.

काल आजोबांचा फोटो आला. पुस्तिकेचं तिसरं पान, तीन 'योग्य', तिन्हींभोवती लाल पेनानं गोल. खाली लिहिलं होतं, 'दुरुस्त करून द्या.' मी म्हटलं, यांचं तरी करून टाकू. कागद घेतला, रकाने आखले: धान्य, एका वेळी किती, कोणती जाळी, काय काळजी घ्यायची. पहिल्याच ओळीत अडलो. फोन लावला.

"आजोबा, गहू एका वेळी किती टाकता?"

"अंदाजानं."

"हो, पण किती? किलो, दीड किलो?"

"ते हाताला कळतं हो."

"आणि जाळी कितव्या नंबरची?"

"जी बसवलेली असते ती. काय आहे साहेब, रोज दळणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत."

रविवारी सिडकोत त्यांच्याकडे जातोय, वजनकाटा घेऊन. बायकोनं भाजणी भाजून ठेवली आहे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिनं झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "आता मला भाजणी शिकवा."